‘गॅम’ : ‘मोबी-डिक’मधल्या एका शब्दाचा माग

हर्मन मेलव्हिलची ‘मोबी-डिक’ एखादा शब्द धरून वाचायची म्हटली, की बहुतेकांचं बोट ‘पांढरा’वर पडतं. साहजिकच आहे. देवमासा पांढरा, आणि ४२वं अख्खं प्रकरण त्या रंगालाच वाहिलेलं. पण त्या शब्दाचा चोथा होईपर्यंत लिहून झालंय. मला त्यापेक्षा ‘गॅम’ हा खलाशांचा शब्द जास्त कामाचा वाटतो. तो वारंवार येत नाही. ५३व्या प्रकरणात मेलव्हिल त्याची रीतसर व्याख्या देतो आणि पुढची ८२ प्रकरणं कप्तान अहाब ती व्याख्या मोडत राहतो. त्यामुळे हा शब्द जिथे यायला हवा होता आणि आला नाही, त्या जागाही माग काढताना पाहाव्या लागतात.

कथा माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या नॅन्टुकेट बेटावरून ‘पीक्वॉड’ हे जहाज देवमाशांच्या शिकारीला निघतं. मोबी डिक नावाच्या पांढऱ्या देवमाशानं कप्तान अहाबचा एक पाय आधीच्या सफरीत तोडलेला आहे. त्याच्या जागी देवमाशाच्याच जबड्याच्या हाडाचा पाय बसवलाय. जहाजाच्या मालकांना तेल हवंय, अहाबला सूड. गोष्ट सांगणारा इश्माएल हा साधा खलाशी. पुस्तक निघालं १८५१ साली : ऑक्टोबरात लंडनला ‘द व्हेल’ या नावानं तीन खंडांत, नोव्हेंबरात न्यूयॉर्कला ‘मोबी-डिक’ या नावानं.

कोशात नसलेला शब्द

मेलव्हिलला कोशांचं वेड होतं. कादंबरी सुरू होण्याआधीच ‘देवमासा’ या शब्दाची व्युत्पत्ती आणि निरनिराळ्या भाषांतले प्रतिशब्द येतात. पुढे १०४व्या प्रकरणात इश्माएल सांगतो, की या पुस्तकासाठी आपण डॉ. जॉन्सनच्या कोशाची भली थोरली प्रत मुद्दाम विकत घेतली. कारण कोशकार स्वतः अंगानं अवाढव्य, तेव्हा देवमाशावर लिहिणाऱ्याला तोच शोभेल.

५३व्या प्रकरणाचं नावच ‘गॅम’. इश्माएल आधी कुरकुर करतो : हा शब्द जॉन्सनच्या कोशात नाही, नोआ वेब्स्टरच्याही नाही, आणि हजारो खलाशांच्या तोंडी तो रोज आहे. मग तो स्वतःच कोशकार होऊन नोंद लिहितो. नोंदीचा आशय असा : समुद्रात शिकारीच्या टापूत दोन किंवा अधिक व्हेलशिकारी जहाजं भेटली, की आधी हाका घालून विचारपूस होते, मग होड्या सोडून एकमेकांकडे जाणं-येणं होतं, दोन्ही कप्तान तेवढा वेळ एका जहाजावर बसतात आणि दोन्ही मुख्य मेट दुसऱ्या.

शेवटचा भाग नीट पाहावा. दोन्ही कप्तान एकीकडे आणि त्यांच्या हाताखालचे दुसरीकडे, म्हणजे दोन्ही डेकांवर थोडी मोकळीक. कप्तानांना बरोबरीचं माणूस भेटतं, एरवी तीन-तीन वर्षं ते मिळत नाही. मेटना साहेबाशिवाय बोलता येतं. आणि वल्ही मारायला आलेले खलाशी दुसऱ्या जहाजाच्या खलाशांत मिसळतात, ज्यांच्याकडे कोणाचंच फारसं लक्ष नसतं. कादंबरीतल्या महत्त्वाच्या बातम्या या शेवटच्या वाटेनं फिरतात.

खिशात हात घालून उभा कप्तान

व्याख्या संपल्यावर इश्माएल एक बारकावा पुरवतो, आणि तो पुस्तकातल्या सगळ्यांत गमतीशीर परिच्छेदांपैकी आहे. शिकारीच्या होडीत मागच्या बाजूला बसायला फळीच नसते. गॅमला जाताना हार्पूनवाला सुकाणूचं लांब वल्हं धरतो, त्यामुळे पाहुणा निघालेल्या कप्तानाला बूड टेकायला जागा उरत नाही. त्यानं उभं राहायचं. मागून सुकाणूचं वल्हं पाठीत बसतंय, पुढून शेवटच्या वल्हेकऱ्याचं वल्हं गुडघ्यावर. दोन्ही जहाजांचे खलाशी टक लावून बघतायत. अशात तोल सावरायला कशाला हात लावला तर अब्रू गेली. म्हणून कप्तान दोन्ही हात पँटच्या खिशात कोंबतो. हात मोठे नि जड असल्यानं तेवढंच वजन तळाशी राहत असेल, असा इश्माएलचा तर्क. मात्र अचानक वाऱ्याचा झपाटा आला तर काही कप्तानांनी जवळच्या वल्हेकऱ्याचे केस गच्च धरून जीव वाचवल्याचे दाखले आहेत म्हणे.

या विनोदात अहाबचं नाव येत नाही. पण दोन पायांच्या माणसाची ही गत, तर हाडाच्या पायावर उभं राहणाऱ्याची काय, हे वाचकाला आपोआप सुचतं. तीनच प्रकरणं आधी, ५०व्यात, अहाब आपल्या होडीचा तळ मजबूत करून घेतो आणि गुडघा रोवायला खोबण कोरून घेतो. ती सगळी तयारी शिकारीसाठी असते, कोणाच्या भेटीसाठी नाही.

इतर जहाजं का थांबत नसत

गॅम ही व्हेलशिकाऱ्यांचीच रीत का, याचं उत्तरही मेलव्हिल देतो. व्यापारी जहाजं एकमेकांना ओलांडून नाक वर करून निघून जातात. लढाऊ जहाजं निशाणं खालीवर करण्यात इतकी गुंततात की जिव्हाळ्याला वाव उरत नाही. गुलाम वाहणारी जहाजं तोंड लपवून पळतात. चाचे एकमेकांना विचारतात कवट्या किती, आणि व्हेलशिकारी विचारतात पिंपं किती.

टोमणे बाजूला ठेवले तरी मूळ कारण धंद्याच्या स्वरूपात होतं. व्यापारी जहाजाला ठरल्या बंदरात माल पोचवायचा असतो, दिवस वाया गेला की पैसा गेला. व्हेलशिकारी जहाजाला असं बंदर नसतं. पिंपं भरेपर्यंत ते ठरावीक टापूत घिरट्या घालत राहणार, आणि त्याच टापूत इतरही घिरट्या घालणार. सफर तीन-चार वर्षांची. १८४०च्या दशकात अमेरिकेची ७०० हून अधिक जहाजं या धंद्यात होती, आणि गाठी पडायला तेवढी पुरेशी होती. ताजं बाहेर पडलेलं जहाज घरची पत्रं आणि जुनी वर्तमानपत्रं द्यायचं. परत निघालेलं जहाज कुठे देवमासे आहेत ते सांगायचं आणि उलट टपाल घेऊन जायचं.

या भेटी फक्त पुरुषांच्याही नसत. पुढच्या काळात काही कप्तानांच्या बायका जहाजावर राहत. ‘अ‍ॅडिसन’ जहाजावर नवरा आणि लहान मुलगी यांच्यासोबत १८५६ ते १८६० या काळात राहिलेल्या मेरी लॉरेन्स यांच्या रोजनिशीत अशा भेटी पुन्हा पुन्हा येतात. तिथे गॅम म्हणजे दुसऱ्या बाईचं तोंड दिसण्याची संधी. मेलव्हिलच्या पुस्तकात ही बाजू नाही. त्यातली बहुतेक बायकामाणसं बंदर सुटताच मागे राहतात.

मेलव्हिलच्या वाट्याला आलेली गॅम

मेलव्हिल ३ जानेवारी १८४१ रोजी ‘अकुश्नेट’ या व्हेलशिकारी जहाजावरून साधा खलाशी म्हणून निघाला. वय २१. त्याच वर्षी पॅसिफिकमध्ये नॅन्टुकेटच्या एका जहाजाशी गॅम झाली आणि त्यावर त्याला सोळाएक वर्षांचा एक पोरगा भेटला. हा ओवेन चेसचा मुलगा.

ओवेन चेस ‘एसेक्स’ जहाजाचा पहिला मेट. २० नोव्हेंबर १८२० रोजी पॅसिफिकमध्ये एका नर स्पर्म व्हेलनं ‘एसेक्स’ला डोक्यानं धडका देऊन बुडवलं. २० जण तीन होड्यांत उतरले. उपासमारीत मेलेल्या सोबत्यांचं मांस खाण्याची वेळ आली. शेवटी आठ जण वाचले. चेसनं ही हकिगत लिहून १८२१ साली छापली. गॅममध्ये मेलव्हिलनं त्या मुलाला वडिलांविषयी खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्यानं आपल्या पेटीतून ते पुस्तक काढून वाचायला दिलं. जिथे ‘एसेक्स’ बुडालं त्या अक्षांशाच्या आसपास, चहूकडे पाणीच पाणी असताना मेलव्हिलनं ते वाचलं.

हे कळतं कशावरून? १८५१ साली ‘मोबी-डिक’ लिहीत असताना सासरे, मॅसॅच्युसेट्सचे सरन्यायाधीश लेम्युएल शॉ, यांनी चेसच्या पुस्तकाची एक प्रत त्याला मिळवून दिली. मेलव्हिलनं त्या प्रतीत स्वतःच्या हातानं ही आठवण लिहून ठेवली आहे. कादंबरीच्या ४५व्या प्रकरणात इश्माएलही सांगतो, की मी चेसच्या मुलाशी बोललोय. लेखकानं आपली गॅम निवेदकाला देऊन टाकली. दोन बिनमहत्त्वाच्या खलाशांच्या गप्पांतून एक पुस्तक हातात आलं, आणि जहाज बुडवणारा देवमासा कल्पनेतला नाही हे कळलं. ५३व्या प्रकरणातला शब्दाविषयीचा ओलावा इथून आलाय असं मला वाटतं.

पहिलं जहाज : कर्णा पाण्यात

‘पीक्वॉड’ला वाटेत नऊ जहाजं भेटतात. त्यांच्याकडे या शब्दाच्या नऊ परीक्षा म्हणून पाहिलं, तर एरवी सुटी सुटी वाटणारी ही प्रकरणं एका दोरीत येतात.

पहिलं ‘आल्बट्रॉस’, ५२व्या प्रकरणात, व्याख्येच्या आधी. चार वर्षं घराबाहेर, ऊन-पाण्यानं पांढुरकं पडलेलं. अहाब ओरडून विचारतो, पांढरा देवमासा दिसला का. तिकडचा कप्तान उत्तर द्यायला कर्णा तोंडाशी नेतो आणि कर्णा हातातून सुटून समुद्रात पडतो. वारा वाढलेला, कर्ण्याशिवाय शब्द पोचत नाही. जहाजं दूर होतात. जाता जाता अहाब ओरडतो, की आमची पुढची पत्रं पॅसिफिक महासागराच्या पत्त्यावर पाठवायला सांगा.

५३वं प्रकरण सुरू होतं ते अहाब त्या जहाजावर का गेला नाही या खुलाशानं. दाखवायचं कारण, समुद्र खवळण्याची लक्षणं. खरं कारण, ज्या परक्या कप्तानाकडून मोबी डिकची खबर मिळणार नाही त्याच्यासोबत पाच मिनिटंही घालवायची अहाबला इच्छा नव्हती. म्हणजे शब्दाची व्याख्या येते ती एका न झालेल्या गॅमची सबब सांगताना. हा क्रम मेलव्हिलनं उगाच लावलेला नाही.

दुसरं जहाज : जे कप्तानाला कळलं नाही

लगेच पुढच्या प्रकरणात ‘टाउन-हो’ भेटतं आणि तिथे मात्र हा शब्द आपल्या खऱ्या अर्थानं वापरलेला आहे : एक छोटीशी गॅम झाली. तिच्यातून जी गोष्ट बाहेर येते ती कादंबरीतली सगळ्यांत लांब उपकथा. (ती ऑक्टोबर १८५१ मध्ये, पुस्तकाच्या अमेरिकी आवृत्तीआधी, हार्पर्सच्या मासिकात स्वतंत्र छापूनही आली होती.) रॅडनी नावाचा आडमुठा मेट आणि स्टीलकिल्ट नावाचा तगडा खलाशी यांचं वैर, बंड, फटके, स्टीलकिल्ट खुनाचा बेत आखून बसलेला असताना मोबी डिक येतो आणि रॅडनीला जबड्यात घेऊन जातो.

मजा आहे ती ही गोष्ट ‘पीक्वॉड’वर कशी आली त्यात. ‘टाउन-हो’वरच्या तिघा खलाशांना तिचा आतला भाग ठाऊक होता. त्यातल्या एकानं तो ‘पीक्वॉड’च्या टॅश्टेगो या हार्पूनवाल्याला शपथ घालून सांगितला. रात्री टॅश्टेगो झोपेत बरळला, आणि बाकीच्यांनी मग त्याच्याकडून पुरतं काढून घेतलं. पण सगळ्यांनी मिळून ते इतकं पोटात ठेवलं, की जहाजाच्या मागच्या भागात, जिथे कप्तान आणि मेट राहतात, तिथवर ते कधीच गेलं नाही. ज्या माणसाला मोबी डिकखेरीज दुसरं काही ऐकायचं नाही, त्याच्या जहाजावर मोबी डिकची इतकी मोठी गोष्ट आली आणि त्यालाच कळली नाही.

(यापुढचंच ५५वं प्रकरण देवमाशाच्या चुकीच्या चित्रांवर आहे आणि त्यात आपली घारापुरी येते. देवमाशाची सर्वांत जुनी प्रतिमा तिथल्या लेण्यात, मत्स्यावताराच्या रूपात आहे, असं इश्माएल ठोकून देतो. लेणी शैव आहेत आणि मेलव्हिल हिंदुस्थानात कधी आला नव्हता. ऐकीव माहितीचे असे नमुने पुस्तकभर आहेत.)

मेलेल्या माणसाचं पत्र

‘जेरोबोम’, प्रकरण ७१. जहाजावर साथ आहे, म्हणून कप्तान मेह्यू स्वतःच अंतर राखतो. त्याची होडी ‘पीक्वॉड’च्या बाजूनं लाटांवर खालीवर होत राहते आणि संभाषण तुटक तुटक चालतं. होडीत गॅब्रिएल नावाचा एक वेडसर भविष्यवादी बसलाय, तो मध्ये मध्ये ओरडतोय. या जहाजाचा मेट मेसी मोबी डिकच्या शेपटीच्या फटक्यानं समुद्रात फेकला गेला, तो वर आलाच नाही.

अहाबला आठवतं, की आपल्याकडच्या टपालात या जहाजाच्या कोणा अधिकाऱ्याचं पत्र आहे. पहिला मेट स्टारबक पिशवी धुंडाळून ते काढतो. पत्र दमट झालेलं, चुरगळलेलं, हिरवट बुरशी धरलेलं. नाव वाचतात तर मेसीचंच, आणि अक्षर बाईमाणसाचं, बहुधा बायकोचं. साथीच्या जहाजाला हात लागू नये म्हणून स्टारबक एका लांब दांड्याचं टोक चिरून त्यात पत्र अडकवतो आणि दांडा पुढे करतो. होडी जराशी सरकते, पत्र गॅब्रिएलच्या हातात पडतं. तो ते सुऱ्यात खुपसून सुऱ्यासकट परत फेकतो. ते अहाबच्या पायाशी येऊन पडतं.

व्याख्येतलं टपाल, विचारपूस, होडीची फेरी, सगळं इथे आहे आणि प्रत्येक गोष्ट उलटी झालेली आहे. कर्ण्याचा प्रसंग मला थोडा मुद्दाम जुळवलेला वाटतो. हे पत्र तसं वाटत नाही.

दोन परदेशी

८१व्या प्रकरणातलं जर्मन ‘युंगफ्राउ’ आणि ९१व्यातलं फ्रेंच ‘रोझबड’ ही दोन्ही विनोदी प्रकरणं, यावर फार थांबायचं कारण नाही. ‘युंगफ्राउ’चा कप्तान तेलाची बुधली हातात घेऊन येतो : देवमाशांच्या तेलाचा धंदा करणारं जहाज दिव्यापुरतं तेल उसनं मागतंय. मोबी डिकविषयी त्याला काहीच ठाऊक नसतं. ‘रोझबड’ म्हणजे गुलाबकळी, पण तिच्या कडेला बांधलेल्या कुजक्या देवमाशांमुळे अर्ध्या कोसावरून नाक धरावं लागतं. पांढऱ्या देवमाशाचं नावही तिथे कोणी ऐकलेलं नाही म्हटल्यावर अहाब डेकवरून खाली निघून जातो. दुसरा मेट स्टब मात्र दुभाष्याशी संगनमत करून फ्रेंच कप्तानाला गंडवतो आणि सोडून दिलेल्या देवमाशाच्या पोटातून मूठ-मूठ अंबर काढतो. कोकणातल्या वाचकाला हा माल ‘व्हेलची उलटी’ या नावानं बातम्यांतून माहीत आहे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो बाळगणं हाच गुन्हा.

या दोन्ही ठिकाणी जाणं-येणं होतं, गप्पाही होतात, पण देवघेव सगळी तेलाची आणि अंबराची.

एक हात, एक पाय

‘सॅम्युएल एन्डर्बी’, प्रकरण १००. लंडनचं जहाज, खऱ्या एन्डर्बी पेढीच्या नावाचं. याच पेढीच्या जहाजानं १७८८ साली निघून केप हॉर्नला वळसा घालून पॅसिफिकमध्ये स्पर्म व्हेलची शिकार सुरू केली. कप्तान बूमरचा एक हात मोबी डिकमुळे गेलाय आणि त्यानंही हाडाचा हात बसवलाय. हे दुरून दिसताच अहाब होडी सोडायला लावतो.

नऊ जहाजांपैकी अहाब पाय ठेवतो ते हे एकटंच. आणि इथेच त्याला कळतं, की पाय गेल्यापासून समुद्रात आपण आपल्या जहाजाखेरीज दुसऱ्या कुठल्याही जहाजावर चढलेलो नाही. ‘पीक्वॉड’वर त्याच्यासाठी खास सोय केलेली आहे, ती इथे कुठून असणार? लाटेबरोबर होडी वर-खाली होतेय आणि शिडी समोर असून चढता येत नाही. शेवटी देवमाशाची चरबी ओढायचा प्रचंड आकडा खाली सोडतात, अहाब त्याच्या वाकात मांडी अडकवतो आणि मालासारखा वर ओढला जातो. वर पोचल्यावर दोन्ही कप्तान हस्तांदोलनाऐवजी हाडाचा हात आणि हाडाचा पाय एकमेकांवर टेकवतात.

व्याख्येनुसार ही खरी गॅम व्हायला हवी. दोन कप्तान, एक जहाज, समान दुःख, आणि यजमान मोकळ्या स्वभावाचा. बूमर हसत हसत सगळं सांगतो. नंतर दोनदा मोबी डिक दिसला, पण आपण होड्या सोडल्या नाहीत. एक अवयव गेला तेवढा पुरे. अहाबला त्यातलं एकच हवं असतं : कुठल्या दिशेला गेला? उत्तर मिळताच तो मध्येच उठतो, बूमरच्या जहाजावरच्या डॉक्टरला बाजूला ढकलतो आणि होडीत उतरतो. या घाईत पाय असा आपटतो की हाडाला चीर जाते आणि पुढे सुताराकडून नवा पाय करून घ्यावा लागतो. बूमर चकित होऊन विचारतो, तुमचा कप्तान वेडा आहे का.

शेवटची तीन

‘बॅचलर’, ११५. पिंपंच काय, भांडीकुंडीही तेलानं भरलेली, डोलकाठ्यांवर रंगीत पताका, डेकवर नाच. कप्तान वर या म्हणून बोलावतो. पांढऱ्या देवमाशाविषयी ऐकलंय, पण मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही, म्हणतो. अहाबचं उत्तर थोडक्यात असं, की तुम्ही भरलेले आणि घरी निघालेले, मी रिकामा आणि बाहेर निघालेला. तुम्ही तुमच्या वाटेनं जा. आमंत्रण असूनही मोडलेली ही एकच गॅम.

‘रेचल’, १२८. कप्तान गार्डिनर नॅन्टुकेटचाच, अहाबच्या ओळखीचा. मोबी डिकचा पाठलाग करताना त्याची एक होडी हरवली आहे आणि तीत त्याचा बारा वर्षांचा मुलगा आहे. ‘पीक्वॉड’ ४८ तासांसाठी भाड्यानं द्या, पैसे देतो, शोधायला मदत करा, अशी तो गयावया करतो. अहाब नाही म्हणतो आणि त्याला तीन मिनिटांत जहाजावरून उतरायला सांगतो. १३१व्या प्रकरणातल्या ‘डिलाइट’वर पाच माणसं मोबी डिकनं मारलेली आहेत, त्यातल्या एकाचं प्रेत समुद्रात सोडणं चाललंय. ‘पीक्वॉड’ घाईनं पुढे निघतं तरी त्या पाण्याचे शिंतोडे त्यावर उडतातच.

चार प्रकरणांनंतर ‘पीक्वॉड’ बुडतं. इश्माएल शवपेटीला धरून तरंगत राहतो आणि त्याला उचलतं ते ‘रेचल’, अजून आपल्या पोरांना शोधत फिरणारं. हे सगळं उपसंहारात आहे. लंडनच्या आवृत्तीत तो उपसंहार छापलाच गेला नव्हता. त्यामुळे सगळे बुडाले तर गोष्ट सांगतंय कोण, असा तिथल्या परीक्षकांना प्रश्न पडला आणि त्यांनी लेखकाला धारेवर धरलं.

शब्द परत येतो

संगणकावर पूर्ण संहिता उघडून हा शब्द शोधला, तर इंग्रजीत ‘खेळ’ वगैरे अर्थाचे त्याच तीन अक्षरांनी सुरू होणारे बरेच शब्द जाळ्यात सापडतात. ते निवडून टाकले की उरतं ते थोडकं : ५३वं प्रकरण, ‘टाउन-हो’ची ती छोटी भेट, आणि १०१वं प्रकरण. शेवटचं हे ठिकाण सगळ्यांत अनपेक्षित आहे.

अहाब रागानं ‘एन्डर्बी’वरून उतरला, त्याच्या पुढच्याच प्रकरणात इश्माएल सहज सांगून जातो, की मी स्वतः त्या जहाजावर एकदा गेलो होतो. अहाबनं त्या डेकवर पाय ठेवल्यानंतर खूप खूप वर्षांनी, पॅटागोनियाच्या किनाऱ्यापलीकडे, मध्यरात्री. आणि ती गॅम फार झकास झाली, असं तो त्याच शब्दात म्हणतो. पुस्तकातल्या क्रमानं ही भेट शेवटाच्या बरीच आधी येते. काळाच्या क्रमानं ती सगळ्यानंतरची आहे. म्हणजे ‘पीक्वॉड’ बुडालं, सगळे सोबती गेले, त्यानंतरही हा माणूस पुन्हा समुद्रावर गेला होता आणि भेटीला थांबायची सवय त्यानं सोडलेली नव्हती.

त्या रात्रीचं वर्णन असं. खालच्या खोलीत फ्लिप, म्हणजे गरम मसालेदार दारू, तासाला दहा गॅलनच्या वेगानं रिचवली जात होती. मध्येच वाऱ्याचा झपाटा आला आणि पाहुण्यांसकट सगळ्यांना शिडं आखडायला वर बोलावलं. पण मंडळींची डोकी इतकी जड झाली होती, की एकमेकांना दोरखंडाच्या फासात बसवून डोलकाठीवर चढवावं लागलं. घाईत कोटांचे घोळ शिडांतच गुंडाळले गेले आणि सगळे वाऱ्यात लटकत राहिले. डोलकाठ्या मात्र शाबूत राहिल्या. हळूहळू सगळे खाली आले, तोवर एवढे शुद्धीवर आले होते की फ्लिप पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागली.

जेवणाचीही दखल आहे. मांस चिवट, कोणी म्हणे बैलाचं, कोणी म्हणे उंटाचं. डम्पलिंग लहान, गोल आणि न फुटणारे, गिळल्यावर पोटात गडगडताना कळायचे, फार वाकलं तर बिलियर्डच्या गोट्यांसारखे बाहेर यायची भीती. पाव वाईट, पण त्याला इलाज नव्हता. आणि इंग्रज व्हेलशिकारी इतके आतिथ्यशील का, याचा छडा लावायला इश्माएल जुनी डच कागदपत्रं काढून बसतो : १८० डच जहाजांच्या एका ताफ्याची शिधायादी, चार लाख पौंड गोमांस, ६० हजार पौंड डुकराचं मांस, १० हजार ८०० पिंपं बिअर. बिअरचा माणशी हिशेब तो करून दाखवतो, आणि इतकी पिऊन होडीच्या टोकाला उभा राहिलेला हार्पूनवाला नेम कसा धरत असेल, याचं त्याला नवल वाटतं.